मशीन चालतं, वाफ येते, तरी दोन दिवसांत पुन्हा धाप: खर्च न वाढवता काय काय तपासायचं

घरी नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणारं मशीन) वापरणाऱ्या दम्याच्या रुग्णांची तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. रात्री खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर सुरू होते, नेब्युलायझर लावला की मोकळं वाटतं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. महिना संपायच्या आत रेस्प्यूलचा, म्हणजे एका वेळच्या औषधाच्या छोट्या प्लास्टिक कुप्यांचा, डबा संपतो, हातातले पैसेही संपतात आणि मग एका रेस्प्यूलचे दोन भाग करून पुरवापुरवी सुरू होते. डोस कमी झाला की त्रास वाढतो, त्रास वाढला की मशीन जास्त वेळा लागतं, आणि बचत करायला गेलो तिथेच खर्च वाढतो.

अशा वेळी बहुतेकदा औषध कमी पडत नसतं, वाटेत सांडत असतं. थोडं कपात उरतं, थोडं मास्कच्या फटीतून हवेत जातं, बरंचसं घशात बसतं. आणि कधी कधी पैसा मुळात चुकीच्या औषधावर जात असतो. म्हणून डोस कापण्याआधी किंवा नवं मशीन घेण्याआधी ही गळती शोधायची. आधी फुकटात तपासता येतं ते, मग थोड्या पैशांचं, आणि शेवटी डॉक्टरांसमोर बसून ठरवायचं ते, असा क्रम ठेवला आहे.

पण काही लक्षणं दिसली तर वाचत बसू नका, रुग्णालय गाठा. एका दमात वाक्य पुरं होत नाही, शब्दाशब्दाला थांबावं लागतं. बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जाते. ओठ किंवा नखं निळसर दिसतात. माणूस गुंगीत किंवा गोंधळलेला वाटतो. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९२ च्या खाली जातो. किंवा आराम देणारं औषध घेतल्यावर आलेला आराम तीन-चार तासही टिकत नाही. घरघर अचानक थांबली पण माणूस थकतच चालला असेल तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. आवाज व्हायलाही हवा पुढे जावी लागते.

मशीन, नळी, कप

घरी सर्रास वापरला जातो तो कंप्रेसरवाला नेब्युलायझर म्हणजे हवा ढकलणारी मोटर. हवा नळीतून कपाच्या तळाच्या बारीक भोकातून जोरात वर येते, औषध सोबत ओढते आणि आतल्या छोट्या अडथळ्यावर आदळवते. मोठे थेंब खाली पडून पुन्हा फिरतात, बारीक थेंब बाहेर येतात. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत पोहोचतात, त्याहून मोठे तोंडात आणि घशातच चिकटतात. आपण सवयीने त्याला वाफ म्हणतो, पण त्यात उष्णता काहीच नसते. आणि धूर भरपूर दिसतो म्हणून औषध आत जातंय असंही धरून चालत नाही.

मशीन ठीक आहे का, हे डोळ्यांपेक्षा घड्याळ चांगलं सांगतं. कपात ३-४ मिली भरलं असेल तर साधारण ५ ते १० मिनिटांत कप फुरफुरायला लागला पाहिजे. पंधरा मिनिटं उलटली, हात दुखायला लागला आणि औषध अजून कपातच दिसतंय, तर कुठेतरी बिघाड आहे. मग मागून पुढे तपासत या.

नळी काढून मोटरच्या तोंडावर अंगठा धरा. हवेचा जोर अंगठ्याला नीट जाणवला पाहिजे. जोर कमी वाटला तर आधी फिल्टर बघा. एका बारीक झाकणाखाली स्पंजसारखी किंवा नमद्यासारखी गोल चकती असते. ती राखाडी-काळी पडली असेल तर बदला. मशीनसोबत येणाऱ्या पिशवीत बहुधा एक-दोन जादा चकत्या असतात आणि कुणी त्या पिशवीकडे पुन्हा पाहिलेलं नसतं. चकती नाही म्हणून कापूस कोंबू नका, त्याचे तंतू आत ओढले जातात. फिल्टर न लावता चालवणं तर त्याहून वाईट.

मग मशीन ठेवलंय कुठे ते बघा. गादीवर किंवा पांघरुणावर ठेवलं की खालची हवेची छिद्रं बंद होतात, मोटर तापते आणि काही मशीनं आपोआप बंद पडतात. टेबल किंवा साधी फरशी बरी. बऱ्याच घरगुती कंप्रेसरना सलग चालवायची मर्यादा असते. किती मिनिटं चालवायचं आणि किती मिनिटं थांबायचं हे माहितीपत्रकात किंवा मागच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. घरात दोघांना दमा असेल आणि एकामागोमाग एक लावत असाल तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते. व्होल्टेज कमी असतानाही जोर पडतो. संध्याकाळीच वाफ कमी येते अशी तक्रार असेल तर सकाळी वेळ लावून बघा.

मोटर ठीक असेल तर नळी. तिची टोकं ढिली होऊन हवा निसटते. टोकाकडचा अर्धा सेंटीमीटर धारदार ब्लेडने सरळ कापला की पुन्हा घट्ट बसते. मधे चीर असेल तर मात्र नळी बदला, चिकटपट्टी टिकत नाही. आत पाण्याचे थेंब दिसत असतील तर कप काढून मशीन नुसतंच दोन-तीन मिनिटं चालवा, नळी कोरडी होते.

शेवटी कप. इथली सगळ्यात हास्यास्पद आणि तरीही नेहमीची बाब म्हणजे कपाच्या आतला सुटा तुकडा. धुताना तो छोटा शंकूसारखा भाग मोरीत वाहून जातो किंवा ताटाखाली राहतो. त्याशिवाय कप जोडला की आत नुसते बुडबुडे येतात, वाफ येत नाही आणि दोष मोटरच्या माथी जातो. तुकडा जागेवर असूनही वाफ कमी असेल तर तळाचं भोक सुकलेल्या औषधाने बुजलेलं असू शकतं. कोमट पाण्यात भिजत ठेवा, नंतर हवा मारा. सुई किंवा टाचणी घालू नका; भोक रुंद झालं की थेंब मोठे पडतात आणि कप कायमचा बिघडतो. कप उभा धरायचा असतो हेही विसरलं जातं. मूल आडवं झोपलेलं असताना कपही आडवा होतो आणि औषध भोकापर्यंत पोहोचतच नाही. तिरकं धरूनही चालणारे कप असतात, पण तसं पाकिटावर लिहिलेलं हवं.

एकदाच वापरायचे म्हणून विकले जाणारे स्वस्त कप महिनोन्महिने वापरले की त्यांचं प्लास्टिक झिजतं. रोज लागत असेल तर पुन्हा पुन्हा वापरता येणारा, उकळता येणारा टिकाऊ कप घ्या. सुरुवातीला महाग वाटतो, वर्षाच्या हिशेबात स्वस्त पडतो.

कुणी जुनं मशीन देऊ करत असेल तर आधी प्रकार विचारा. कंप्रेसर चालतो, नळी, कप, मास्क आणि फिल्टर मात्र नवे घ्या. अल्ट्रासॉनिक असेल तर नम्रपणे नको म्हणा, कारण बुडेसोनाइड हे श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड पाण्यात न विरघळणारं, तरंगणाऱ्या कणांचं औषध आहे आणि अल्ट्रासॉनिक मशीन ते नीट उडवत नाही. बॅटरीवर चालणारी मेशवाली मशीनं छान असतात, आवाज नाही आणि कपात औषधही कमी उरतं. पण त्यांची जाळी बुजते आणि जाळी बदलायचा खर्च मोठा असतो. हात आखडता असेल तर माझं मत साध्या, गोंगाट करणाऱ्या कंप्रेसरकडे झुकतं.

कपात शिरलेलं औषध छातीत का पोहोचत नाही

फुरफुर थांबली तरी कपाच्या भिंतींना आणि तळाला औषध राहतंच. साध्या कपात ही उरलेली मात्रा साधारण अर्धा ते दीड मिली असते. आता २ मिलीची एकच रेस्प्यूल टाकली आणि १ मिली कपातच राहिलं तर निम्मं औषध धुण्याच्या पाण्यात गेलं. तीच रेस्प्यूल नॉर्मल सलाईन घालून ३-४ मिली केली की उरणारं पातळ होतं आणि औषधाचा मोठा वाटा बाहेर पडतो. तुमच्या औषधात सलाईन मिसळायचं का, किती, हे एकदा डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारून घ्या, कारण काही रेस्प्यूल आधीच पुरेशा पातळ केलेल्या असतात.

डॉक्टरांनी श्वासनळ्या सैल करणारी सालब्युटामॉल, इप्राट्रोपियम आणि सुजेवरचं बुडेसोनाइड अशी दोन-तीन औषधं एकाच वेळची दिली असतील तर कंप्रेसरच्या कपात ती एकत्र चालतात. वेगवेगळी लावली की दर वेळी कपात थोडं उरतं. एकत्र लावली की एकदाच उरतं, वेळ आणि वीजही वाचते. बुडेसोनाइडची रेस्प्यूल फोडण्याआधी हलकेच हलवायची असते, नाहीतर कण तळाशीच बसतात. कप फुरफुरायला लागला की बोटाने टिचक्या मारा, भिंतीवरचे थेंब खाली येतात. त्यानंतर शेवटच्या थेंबासाठी अर्धा तास बसून राहण्यात अर्थ नाही.

पातळ करायला फक्त ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक नॉर्मल सलाईन. घरचं पाणी, उकळून गार केलेलं पाणी, डिस्टिल्ड वॉटर, यातलं काहीही नाही. क्षार नसलेलं पाणी श्वासनळ्यांना झोंबतं आणि त्या आवळतात, म्हणजे उपचारच झटका आणतो. सलाईनची मोठी बाटली फोडून आठवडाभर तिच्यातून थोडं थोडं काढणं स्वस्त वाटतं खरं, पण त्यात जंतू रोखणारं काही नसतं. लहान प्लास्टिकच्या कुप्या घ्या.

अर्धी रेस्प्यूल उद्यासाठी ठेवण्याबद्दलही तेच. एकदाच वापरायच्या बहुतेक रेस्प्यूलमध्ये जंतुरोधक नसतं. डोसच अर्धा असेल तर कमी ताकदीची रेस्प्यूल मागा, बुडेसोनाइड ०.२५, ०.५ आणि १ मिलिग्रॅम अशा ताकदींत मिळतं. सालब्युटामॉलची मात्रा मोजून घ्यायची बाटलीही मिळते, तिच्यात दर मिलीला ५ मिलिग्रॅम औषध असतं. ती बहुधा स्वस्त पडते, पण मोजण्यात घोळ झाला तर महागात जाते: २.५ मिलिग्रॅमसाठी ०.५ मिली लागतं. कुणी मिलिग्रॅम आणि मिलीची गल्लत करून २.५ मिली ओतलं तर पाचपट डोस होतो. हात थरथरतात, छाती धडधडते. सुई नसलेली १ मिलीची सिरिंज वापरा, आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा.

बाम, निलगिरीचं तेल, खोकल्याचं औषध, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही कपात टाकायचं नाही. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा आजार होतो आणि तो निस्तरायला लागणाऱ्या पैशांत वर्षाची औषधं आली असती.

आता मास्क. मूल घाबरतं म्हणून मास्क तोंडासमोर थोडा लांब धरायची पद्धत घरोघरी आहे. चेहऱ्यापासून एक-दोन सेंटीमीटर फट पडली तरी पोहोचणारं औषध निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. रडणाऱ्या मुलाच्या छातीतही फारच थोडं जातं, कारण रडताना लांब उच्छ्वास आणि मधे एक झटक्याचा श्वास असतो आणि औषध घशात अडकून गिळलं जातं. मांडीवर घेऊन, गोष्ट सांगत, मास्क नीट टेकवून पाच मिनिटं लावलेलं रडवत लावलेल्या पंधरा मिनिटांपेक्षा कामी येतं. मोठ्यांनी आणि समज आलेल्या मुलांनी मास्कऐवजी तोंडात धरायचा माउथपीस वापरावा, नाक बरंचसं औषध गाळून ठेवतं. स्टेरॉइड मास्कने घेतलं असेल तर नंतर चेहरा धुवा. माउथपीस असो वा मास्क, चूळ भरून थुंका. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि आवाज बसतो.

स्वच्छतेवर फार लिहीत नाही. दर वापरानंतर कप सुटा करून धुवा आणि स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडा होऊ द्या. दिवसातून एकदा साबणाचं कोमट पाणी. माहितीपत्रक परवानगी देत असेल तर मधूनमधून पाच मिनिटं उकळा. ओला कप पिशवीत कोंबून ठेवणं ही जंतूंची सोय आहे. मोटर एकच असली तरी प्रत्येकाचा कप आणि मास्क वेगळा हवा.

मशीन लागतंच का?

हा प्रश्न विचारला की घरातले दुखावतात, कारण मशीन म्हणजे मोठा उपचार आणि पंप (इनहेलर) म्हणजे किरकोळ, असं मनात घट्ट बसलेलं असतं. जरा हिशेब करा. नेब्युलायझरची नेहमीची सालब्युटामॉल रेस्प्यूल २.५ मिलिग्रॅमची, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात १००. म्हणजे एका रेस्प्यूलमध्ये २५ फवाऱ्यांइतकं औषध आहे. तरीही दम्याच्या झटक्यात स्पेसरमधून एकेक करून दिलेले ४ ते १० फवारे नेब्युलायझरइतकाच गुण देतात. झटका जिवावर बेतणारा नसेल तर स्पेसर नेब्युलायझरपेक्षा कमी पडत नाही, हे लहान मुलांवरच्या आणि मोठ्यांवरच्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांत अनेकदा दिसलं आहे. उरलेलं औषध जातं कुठे? कपात, हवेत, घशात.

स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी किंवा डबी. फवारा तिच्यात थबकतो, मोठे थेंब तिथेच बसतात आणि बारीक थेंब सावकाश आत घेता येतात. पंप थेट तोंडात मारला की औषधाचा मोठा भाग घशावर आदळतो. दाबणं आणि श्वास घेणं एकाच क्षणी जमावं लागतं आणि धाप लागलेल्या माणसाला ते जमत नाही. स्पेसरला वीज लागत नाही, दुरुस्ती लागत नाही, प्रवासात पिशवीत मावतो.

तोही परवडत नसेल तर? १९९९ मध्ये केपटाउनच्या डॉक्टरांनी झटका आलेल्या मुलांवर चाचणी करून ती ‘लॅन्सेट’मध्ये छापली होती. अर्ध्या लिटरच्या साध्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, जोड गोंदाने बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली. जोड बंद न केलेली बाटली थोडी मागे पडली आणि थर्माकोलचा पेला सगळ्यात कमी उपयोगी निघाला. म्हणजे जुगाड चालतो, पण फट ठेवून चालत नाही. भोक पंपाच्या आकाराचंच हवं, कडा गुळगुळीत हव्यात, आणि पंप-बाटलीची जोडी एकदा डॉक्टर किंवा नर्सला दाखवून घ्या.

प्लास्टिकच्या आत स्थिर वीज साठते आणि औषध भिंतीला चिकटतं. म्हणून स्पेसर भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढा, आतून पुसू नका आणि तसाच निथळून वाळू द्या; तोंडाला लागणारा भाग तेवढा धुवून घ्या. पंप हलवा, एक फवारा सोडा, चार-पाच सावकाश श्वास घ्या. मग पुन्हा हलवून दुसरा. पाच फवारे एकदम मारून एकदाच श्वास घेतला तर बरंचसं औषध भिंतीवरच राहतं. ज्याला जमतं त्याने एक लांब श्वास घेऊन दहा सेकंद रोखला तरी चालतं.

याचा अर्थ मशीन अडगळीत टाका असा नाही. हात थरथरणारे वृद्ध, स्पेसर सांभाळू न शकणारी माणसं, तीव्र झटके आणि डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलेले रुग्ण यांना ते लागतं. पण घरात दमा आहे म्हणून पहिली खरेदी मशीनची, हे गणित बहुतेकांच्या बाबतीत उलटं आहे.

सगळ्यात मोठी गळती

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, वाफ दहा मिनिटांत संपते, मास्क घट्ट बसतो आणि तरीही दोन दिवसांनी पुन्हा त्रास होतो. मग रेस्प्यूलवरचं नाव वाचा. सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉल एवढंच असेल तर कारण तिथेच सापडलं.

दम्यात दोन गोष्टी बिघडतात. श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि आतलं अस्तर सुजतं. सालब्युटामॉल स्नायू सैल करतं. मिनिटांत गुण येतो आणि चार ते सहा तासांत ओसरतो. सुजेला ते हात लावत नाही. सूज उतरवतं ते श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड: बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन वगैरे. ते घेतल्याक्षणी काहीच वाटत नाही, परिणाम दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. त्यामुळे पैसे कमी पडले की पहिला बळी त्याचाच जातो. ज्याने लगेच बरं वाटतं ते ठेवलं जातं आणि ज्याने आजार आवरतो ते सोडलं जातं.

दम्याच्या उपचारांची आंतरराष्ट्रीय दिशा ठरवणाऱ्या ‘जीना’ने २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे की मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी फक्त सालब्युटामॉलवर दमा सांभाळू नये, स्टेरॉइडची जोड हवीच. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त आराम देणारे पंप लागत असतील तर तीव्र झटक्यांचा धोका वाढलेला असतो. बारा किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचा धोका वाढतो. रिकामे पंप फेकू नका, एका डब्यात टाकत जा. डबाच हिशेब सांगेल.

हिशेबाची दुसरी सोपी पद्धत म्हणजे मागचे चार आठवडे आठवणं. दिवसा त्रास आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? दम्याने रात्री जाग आली का? आराम देणारं औषध आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागलं का? दम्यामुळे कामं अडली का? एकाचंही उत्तर हो असेल तर दमा पूर्ण ताब्यात नाही.

पैशांच्या बाजूने दोन चांगल्या गोष्टी आहेत. श्वासातल्या स्टेरॉइडचा बहुतांश फायदा कमी डोसमध्येच मिळतो, म्हणून महागडा मोठा डोस सगळ्यांना लागत नाही. आणि साधारण तीन महिने दमा नीट ताब्यात राहिला तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवू शकतात. आपल्या मनाने एकदम बंद करणं वेगळं, ते करू नका.

बारा वर्षांवरच्यांसाठी डॉक्टरांना बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल या एकत्र पंपाबद्दल विचारा. श्वासनळ्या सैल करणाऱ्या फॉर्मोटेरॉलचा गुण लवकर येतो, त्यामुळे तोच पंप रोजचा आणि तोच त्रासाच्या वेळचा, अशी योजना करता येते आणि दोनऐवजी एकच वस्तू घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हा पंप आहे, सालब्युटामॉल आणि बुडेसोनाइडही आहेत. म्हणून सरकारी दवाखान्यात ही नावं घेऊन विचारणा करणं रास्त आहे. दिवसाला जास्तीत जास्त किती फवारे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. सालमेटेरॉल असलेला जोडपंप मात्र अशा तऱ्हेने वापरायचा नसतो, त्याचा गुण उशिरा येतो. आणि स्टेरॉइडशिवाय नुसतं फॉर्मोटेरॉल किंवा सालमेटेरॉल, स्वस्त मिळतं म्हणून, दम्यात कधीच घेऊ नका.

स्वस्त गोळ्यांचा मोह होतो. सालब्युटामॉलच्या गोळ्या आणि सिरप यांनी धडधड आणि थरथर जास्त, गुण कमी. थिओफिलिनमध्ये पुरेसा डोस आणि जास्त डोस यांच्यात फार अंतर नसतं आणि इतर औषधांशी त्याचं जमत नाही. मॉन्टेलुकास्ट काहींना उपयोगी पडतं, पण श्वासातल्या स्टेरॉइडपेक्षा कमी परिणामकारक आहे. मनःस्थितीवरच्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा लावला. मुलगा अचानक चिडचिडा झाला, झोपेत दचकायला लागला तर हे लक्षात ठेवा. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या तीव्र झटक्यात जीव वाचवतात, पण वर्षातून पुन्हा पुन्हा लागत असतील तर हाडं, साखर, डोळे यांची किंमत मोजावी लागते. पंपातल्या स्टेरॉइडला घाबरून या गोळ्या घेणारी माणसं बघितली की कपाळावर हात मारावासा वाटतो. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये.

विकत घेताना

पाकिटाची किंमत बघू नका, फवाऱ्याची बघा. एकावर १२० डोस असतात, दुसऱ्यावर २००. किमतीला डोसांनी भागा, मग तुलना करा. कागदावर औषधाचं मूळ नाव आणि ताकद लिहून घ्या, म्हणजे त्याच नावाचं स्वस्त औषध मागता येतं. पण उपकरणाचा प्रकार बदलू देऊ नका. कॅप्सूलवाली कोरडी पूड स्वस्त असते आणि थोडी थोडी घेता येते, स्पेसरही लागत नाही. मात्र ती जोरात, झटक्याने ओढावी लागते, तर फवाऱ्याचा पंप सावकाश. लहान मुलाला जोर लावणं जमत नाही. दुकानातून प्रकार बदलून आला आणि कुणी शिकवलं नाही तर नवं औषध निरुपयोगी ठरतं.

पंप संपला का, हे पाण्यात तरंगवून कळत नाही. उलट पाणी झडपेत शिरतं. आकडा दाखवणारा पंप घ्या. तसा नसेल तर सुरू केल्याची तारीख लिहून रोजच्या फवाऱ्यांनी भागाकार करा. डोस संपल्यावरही पंपातून फुस्स आवाज येत राहतो, त्यात औषध नसतं. ‘नवा पंप लागू पडत नाही’ या तक्रारीमागे कधी कधी पहिले फवारे हवेत सोडायचे राहून गेलेले असतात. किती सोडायचे ते माहितीपत्रकात असतं.

डॉक्टरांकडे जाताना

मशीन, पंप, स्पेसर सगळं घेऊन जा आणि तुम्ही रोज वापरता तसंच त्यांच्यासमोर वापरून दाखवा. महिन्याला किती खर्च झेपतो तो आकडा स्पष्ट सांगा. संकोचाने गप्प राहिलो की पाच औषधं लिहिली जातात आणि दोनच घेतली जातात, आणि ती दोन कोणती हे दुकानात ठरतं. ‘यातलं एकच परवडलं तर कुठलं?’ हा प्रश्न विचारण्यात काही कमीपणा नाही. हिरवा-पिवळा-लाल अशी लेखी योजना मागा: त्रास वाढला तर काय घ्यायचं, किती वेळा, आणि कधी निघायचं. पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं छोटं उपकरण, घेणं जमलं तर ही योजना आकड्यांवर बांधता येते. तुमच्या सर्वोत्तम फुंकरीच्या ८० टक्क्यांवर असाल तर हिरवा, ५० ते ८० मध्ये पिवळा, ५० च्या खाली लाल.

घरातला धूर, सिगारेट, डासांची कॉइल यांबद्दलही खरं सांगा. घरात कुणी ओढत असेल तर स्टेरॉइडवरचे पैसे अर्धे धुरात जातात. स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांचं काम मोजणारी चाचणी) कधीच झाली नसेल तर एकदा करून घ्या. हृदयविकार किंवा सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचीही धाप दम्यासारखीच दिसते आणि वर्षानुवर्षं चुकीच्या आजाराची औषधं घेतली जातात.

बाकीच्या सगळ्या औषधांची पाकिटंही पिशवीत टाका. अर्धशिशीसाठी किंवा धडधडीसाठी दिलेलं प्रोप्रॅनोलॉल श्वासनळ्या आवळतं. काहींना अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने झटका येतो. आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंब सांगायचे हमखास राहतात, कारण डोळ्याच्या औषधाचा छातीशी संबंध असेल असं कुणाच्या मनात येत नाही. ही औषधं स्वतः बंद करू नका, फक्त दाखवा. बदली औषध देणं डॉक्टरांच्या हातात आहे.